बेट दिसतंय ना

माझा धंदा चष्म्यांचा. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि जवळचं दिसत नाही म्हणून कुरकुरत आलेल्या माणसाला जवळचं दाखवून घरी पाठवायचं. अशा माणसाला बायको मात्र लांबचं पाहणारी मिळाली, असं माझे सासरे चारचौघांत म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. बायको हवामान कचेरीत. समुद्रात चक्रीवादळ उठलं की ते कुठे जाणार याची नकाशावर रेघ ओढायची, हे तिचं काम. सासरे तिला नावाने हाक मारतच नसत. "काय वेधशाळा, जेवलीस का?" अशी त्यांच्या फोनची सुरुवात व्हायची. मला ते भिंगवाले म्हणत. जावयाला थोडा मान द्यायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं.

ते राहायचे बेटावर, आमच्या शहराच्या पूर्वेला, फेरीबोटीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिथल्या धक्क्यावरच्या तिकीटघरात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी आंघोळ करून ते तिथेच जाऊन बसत, कारण नव्या कारकुनाला वायरलेसमधलं ओ की ठो कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. बायकोने पहिल्या पगारातून त्यांना हवेचा दाब दाखवणारं पितळी काट्याचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते त्यांनी तिकिटाच्या खिडकीशेजारी टांगलं. त्यावर टिचकी मारून ते आल्यागेल्याला "पाऊस येणार हं" असं बजावत. ऐकणारा बहुतेक वेळा भिजूनच आत शिरलेला असे.

वादळ सरळ का जात नाही, वाकडंच का जातं, हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला तो लग्नाच्या आधी, दुकानात. ती चष्मा करायला आली होती आणि मला तिला थांबवून ठेवायचं होतं, एवढंच. तिने माझा प्रश्न खरा मानला. भिंगं धुवायच्या पसरट भांड्यात तिने माझा चहाचा कप पालथा घातला, बोटाने कपाभोवती पाणी फिरवलं आणि बाटलीचं बूच त्यात सोडलं. बूच कपाच्या खालच्या कडेने डावीकडे गेलं, कप संपला तसं वर वळलं आणि वरच्या बाजूने उजवीकडे निघून गेलं.

"वादळाला पाय नसतात," ती म्हणाली. "ते स्वतः चालत नाही. आजूबाजूचे वारे नेतील तिकडे जातं. हा कप म्हणजे जड, शांत हवेचा डोंगर. समुद्रावर पसरलेला असतो, दिसत नाही. वारे त्याला वळसा घालतात, त्यांच्याबरोबर वादळही वळसा घालतं. पृथ्वी फिरते म्हणून त्याची स्वतःचीही उत्तरेकडे थोडी ओढ असते, पण ती अगदी थोडी. बोट धरून चालणारं पोर आईला ओढतं ना, तेवढीच."

"मग ते वळतं नक्की कुठे?"

"डोंगर जिथे संपतो तिथे."

"आणि डोंगर कुठे संपतो?"

"तेच तर," ती म्हणाली आणि इतकी गोड हसली की मी तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा चुकीचा लिहिला.

तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

*

त्या वर्षीचं वादळ पूर्वेकडून निघालं आणि पश्चिमेला आमच्या दिशेने सरकत राहिलं. बायकोच्या कचेरीतून दिवसातून चार वेळा नकाशा निघायचा. रेघ बेटाच्या खालून, म्हणजे दक्षिणेकडून, मोकळ्या समुद्रातून येत होती आणि थेट आमच्या शहराच्या डोक्यावर येऊन मग उत्तरेला वळत होती. शहरात धांदल उडाली. लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते. माझ्या दुकानासमोरचा लोखंडवाला खिळे विकून विकून घसा बसवून घेत होता. मीही काचेची कपाटं रिकामी केली आणि फ्रेमा पोत्यात भरल्या.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "भिंगवाले, रेघ तुमच्या टाळक्यावर आहे. माझ्या नातीला घेऊन इकडे निघा. इकडे सगळं मोकळं आहे."

मला ते पटलं. ते तर नकाशाच समोर ठेवून बोलत होते. प्रत्येक नवा नकाशा ते तिकीटघरातल्या छपाई यंत्रावर काढत आणि खिडकीच्या काचेला चिकटवत, "माझ्या लेकीची रेघ" म्हणून. आता त्या नकाशावर रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट करड्या रंगाचा पट्टा असतो. वादळ या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतं, असा त्याचा अर्थ. बायकोच्या मते खरा नकाशा म्हणजे तो पट्टा, रेघ फक्त त्याची मधली खूण. पण तिकीटघरातलं यंत्र म्हातारं होतं. त्याला फिकट रंग उमटवता यायचा नाही. काळी रेघ ठसठशीत यायची आणि बाकी समुद्र पांढराफेक. त्या पांढऱ्या समुद्रात रेघेच्या वर आपलं बेट एकटं, स्वच्छ दिसायचं. सासरे त्यावर बोट ठेवून लोकांना म्हणत, "बेट दिसतंय ना? मग आपण रेघेखाली नाही. जा, निवांत झोपा."

बायको फोनवर त्यांना सांगून थकली होती. "बाबा, वादळ रेघेएवढं बारीक नसतं हो."

"ते मला कळतं गं. पण रेघ आमच्यावर नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

मी टिल्लीचे, म्हणजे आमच्या लेकीचे, कपडे पिशवीत भरले. टिल्लीने तिची बाहुली भरली, मग माझा एक बूट काढून तिची दुसरी बाहुली भरली. रात्री सुटणारी फेरीबोट सकाळी बेटावर पोचणार होती आणि संध्याकाळी परत आल्यावर तिला खाडीत सुरक्षित जागी बांधून ठेवणार होते. ती शेवटची खेप.

संध्याकाळी बायको घरी आली. दारातली पिशवी तिने पाहिली आणि चप्पलही न काढता म्हणाली, "कुठे?"

"बाबांकडे. तेच म्हणाले."

"नाही जायचं."

"अगं, रेघ इथे..."

"नाही म्हणजे नाही."

मी तापट माणूस आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दिवसभर पोती उचलून माझी पाठ मोडली होती. मी म्हणालो, "रेघ तूच ओढलीस ना? ती आमच्यावर ओढायची, आणि आम्ही पळायचं म्हटलं तर नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?"

ती खाली बसली. पिशवीतून टिल्लीचे कपडे एकेक काढून घडी मोडून परत घडी घालत राहिली. मग म्हणाली, "डोंगराला मध्येच खाच पडतेय, असं वाटतंय."

दुपारच्या नव्या गणितात तसं आलं होतं. तो जड हवेचा डोंगर आमच्या शहरापर्यंत पसरलेला आहे, असं सगळे धरून चालले होते. म्हणूनच वादळ त्याच्या कडेने आमच्यापर्यंत येणार होतं. पण नव्या गणितात डोंगर बेटाजवळच खचत होता. तसं झालं तर वादळ तिथेच उत्तरेला वळणार. म्हणजे बेटाच्या दक्षिणेला वळणार आणि थेट बेटावर येणार.

"मग रेघ सरकवली का नाही?"

"सरकवली. अर्धी."

तिच्या कचेरीची ही जुनी रीत. नवीन गणित जुन्यापेक्षा फारच वेगळं आलं तर रेघ एकदम तिकडे न्यायची नाही, अर्ध्या वाटेपर्यंत न्यायची. पुढचं गणितही तेच म्हणालं तर उरलेली न्यायची. याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी तिच्या साहेबांनी रेघ एका झटक्यात सरकवून एक अख्खं गाव रिकामं करवलं होतं. सहा तासांत गणित परत पालटलं, रेघ मागे गेली आणि लोक शिव्या देत घरी आले. पुढच्या वादळात त्या गावातलं कोणीही जागचं हललं नाही. साहेब वाईट माणूस नव्हता. ती आठवण त्याला सोडत नव्हती. आणि बायकोलाही ही रीत मान्य होती. इतर वेळी तीच नव्या लोकांना ती शिकवायची.

"अर्धी सरकवली तर कुठे आली?"

"बेटाच्या जवळ आली. पण खालीच. टोक अजून आपल्या शहरावरच आहे. बेट अजून दिसतंय."

*

सकाळी तिने वडिलांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो, आणि फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता.

"बाबा, बोट आली की त्याच बोटीने इकडे या."

"अगं वेडी का काय तू? इकडून तिकडे? तुझा नवा नकाशा आत्ताच चिकटवला मी."

"नकाशा राहू द्या. मी म्हणतेय म्हणून या."

"नकाशा पण तूच आणि म्हणतेयस पण तूच. मी दोघींतल्या कुणाचं ऐकू?"

तिने त्यांना डोंगराच्या खाचेबद्दल सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग विचारलं, "खात्री आहे तुझी?"

मी हाताने खुणा केल्या. हो म्हण, हो म्हण. ती माझ्याकडे पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. "दहात चार वेळा तसं होईल. सहा वेळा ते खालूनच जाईल."

"मग सहा जण तुझ्या रेघेच्या बाजूने आहेत की."

मला राहवलं नाही. फोनवर हात ठेवून मी तिला म्हणालो, "अगं, खोटं बोल ना एकदा! बापाशी तरी!"

"आज खोटं बोलले आणि ते खालून गेलं, तर पुढच्या वेळी ते बोटीवर चढणार नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरा होता. मला तिचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायलो.

परत आलो तेव्हा सासरे म्हणत होते, "बरं, माझं राहू दे. पोरीला का नाही पाठवलंस? दहात सहा वेळा इथे काही होत नाही, आणि तिथे तर रेघ डोक्यावर. साधा हिशेब आहे. का नाही पाठवलंस?"

बायको गप्प.

फोनमधून धक्क्यावरच्या माणसांचा गलका ऐकू येत होता. फेरीबोट पोचली होती. आमच्या शहरातली माणसं पोराबाळांना, गाठोड्यांना घेऊन बेटावर उतरत होती, कारण नकाशात बेट मोकळं होतं.

"अस्सं," सासरे शेवटी म्हणाले. हसणं नाही, वेधशाळा नाही, नुसतं अस्सं.

"बाबा, या ना हो."

"कसा येऊ? ही माणसं बघ. तुझी रेघ बघून आलीत आणि उतरता उतरता माझ्या खिडकीवरचा कागद बघून मला हात जोडतायत. त्यांना उतरवून घ्यायचं आणि त्याच बोटीत मी चढायचं? कुठल्या तोंडाने?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना. तू म्हणालीस तसंच सांगतो, दहात चार. ज्याला यायचं तो येईल."

त्यांनी सांगितलंही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट त्यांनाच समजावलं. इथे दहात चार आणि तिथे शहरात तर रेघच आहे, मग परत कशाला जायचं? चुकीचं काय होतं त्यांचं? मीही हेच म्हणालो असतो. खरं तर आदल्या संध्याकाळी मी हेच म्हणालो होतो. बोट रिकामी परत आली.

*

वादळाच्या दिवशी कामावर असलेल्यांच्या घरच्यांना कचेरीत राहायची परवानगी असते, कारण इमारत भक्कम आहे. मी आणि टिल्ली सकाळपासून तिथेच होतो. कामाच्या खोलीला काचेची भिंत, बाहेर बाकडं. बाकड्यावरून सगळं दिसायचं, आणि दार उघडं असलं की ऐकूही यायचं. टिल्ली बाहुल्यांना झोपवत होती. मी काहीच करत नव्हतो. मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळत होतं.

बेटावरचे मोबाइल बंद पडले. उरला तिकीटघरातला वायरलेस. नवा कारकून बाकीच्यांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत गेला होता. सासरे मागे राहिले, कारण वायरलेस त्याला कुठे लावता येतो! बंदर कार्यालयाने त्यांचा आवाज बायकोच्या टेबलावर जोडून दिला. दर थोड्या वेळाने ते काटा वाचायचे.

"नऊशे शहाऐंशी. खाली चाललाय. टिचकी मारून बघितलं."

"वारा कुठून आहे, बाबा?"

"झेंडा तुमच्याकडेच बोट दाखवतोय."

धक्क्यावर एक झेंडा होता. शहर बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे झेंडा शहराकडे फडकत असेल तर वारा पूर्वेचा. बायकोने बाहेर येऊन मला दोन वाक्यांत सांगितलं. वादळ बेटाच्या खालून पश्चिमेकडे निघून जात असेल तर वारा हळूहळू दिशा बदलेल आणि झेंडा उत्तरेच्या खडकाकडे वळू लागेल. काटा उतरतोय आणि झेंडा वळत नाही, याचा अर्थ वादळ नीट समोरून चालून येतंय. एवढं सांगून ती आत गेली. तिने मला ते का सांगितलं कोण जाणे. बहुतेक एकटीने ते माहीत असणं तिला झेपत नव्हतं.

त्यानंतर मीही झेंड्याची वाट पाहू लागलो. दिसत नसलेल्या झेंड्याची, काचेपलीकडून.

"नऊशे एकोणऐंशी."

"झेंडा खडकाकडे वळला का?"

"नाही गं. तुमच्याकडेच."

खोलीत कोणी हलत नव्हतं. साहेब तिच्या खुर्चीमागे उभा होता. समुद्रात त्या भागात मोजणारं दुसरं कोणीच नव्हतं. वरून ढगांचं चित्र दिसत होतं, पण वादळाचा मध्य नक्की कुठे आहे ते त्यात झाकलेलं होतं. ते सांगत होता तो फक्त पहिल्या पगारातला पितळी काटा. आणि तो सांगत होता की डोंगर खचलाय, वादळ वळलंय, आता त्याचा रोख उत्तरेकडच्या त्या गावांवर आहे जिथे अजून कोणी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"बाबा, आता वर शाळेत जा."

"कामाला येतंय का मी सांगतोय ते?"

साहेबाने मान खाली घातली. तो जा असं सांगू शकत नव्हता आणि थांबा असंही सांगू शकत नव्हता.

"वेधशाळा, कामाला येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. खोटं तिला तेव्हाही जमलं नाही.

"मग एकदा आणखी वाचतो."

मी उठून दारापाशी गेलो. मला ओरडायचं होतं, म्हातारबुवा, मरू दे तो काटा, पळा. ओरडलो असतो तर ऐकूही गेलं असतं. पण उत्तरेकडच्या गावांत माझ्यासारखेच लोक दुकानात बसलेले असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी दाराची मूठ धरून नुसता उभा राहिलो.

"नऊशे बहात्तर. झेंडा गेला. काठी आहे अजून. पायरीवर पाणी आलंय."

साहेब म्हणाला, "सरकव. सगळी."

तिने रेघ सरकवली. मी काचेतून पाहिलं. पडद्यावर तिचा हात जराही न थांबता वर गेला. उत्तरेकडच्या गावांना इशारा गेला. खोलीत चार फोन एकदम वाजू लागले. आमच्या शहरावरून रेघ उठली.

"बाबा, सरकवली. आता निघा. आत्ताच्या आत्ता."

"पूर्ण सरकवलीस का? अर्धीबिर्धी नाही ना?"

"पूर्ण."

खरखर आली. मग त्यांचा आवाज, लांबून, पण नेहमीसारखा खोडकर. "मग बेट दिसतंय ना अजून?"

तिच्या समोरच्या पडद्यावर काय होतं ते मला काचेतून दिसत होतं. ती दर सहा तासांनी येणारं गणित सहा वेळा तपासणारी बाई. तिने डोळे मिटले.

"दिसतंय, बाबा. अगदी स्वच्छ दिसतंय."

"मग झालं," ते म्हणाले. "जातो वर."

त्यानंतर वायरलेसवर नुसती खरखर होती. तिने ती बंद करू दिली नाही.

*

आमच्या शहरात त्या संध्याकाळी साधा पाऊससुद्धा पडला नाही. लोक फळ्या काढत होते, गच्च्यांवर येऊन एकमेकांना हाका मारत होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू बायकोला मिठी मारून म्हणाल्या, "वाचवलंस गं बाई! वळवलंस की गं त्याला!" बायको त्यांच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मला काकूंना धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं. पण त्या रडत होत्या, आनंदाने आणि मनापासून. मी फक्त म्हणालो, "काकू, ती दमलीय."

शाळेतली सगळी माणसं वाचली. आमच्या शहरातून गेलेलीही. उत्तरेकडची गावं वेळेत रिकामी झाली. सासरे तिकीटघर आणि टेकडी यांच्या मधल्या रस्त्यावर सापडले. काखेत पितळी यंत्र होतं. त्याची काच फुटलेली होती. ते घ्यायला थांबले नसते तर पोचले असते का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही, आणि बायकोनेही नाही.

टिल्लीने मात्र विचारलं. "आजोबांकडेच का वळलं ते?" बायकोने तिला भांडं, कप आणि बूच घेऊन सगळं दाखवलं, मला दाखवलं होतं तसं. ते कोणाकडे वळत नाही, त्याला पाय नसतात, वारे नेतात तिकडे ते जातं. टिल्लीने दोनदा बूच फिरवून पाहिलं आणि तिला ते पटलं. मला सगळं कळत होतं, पण पटत नव्हतं. आजही पटत नाही.

वादळ संपल्यावर काही महिन्यांनी कचेरीत त्याचा शेवटचा नकाशा करतात. या वेळी पुढचं सांगायचं नसतं. जे झालं ते जसंच्या तसं काढायचं. सगळी मोजमापं जुळवून वादळ प्रत्यक्ष जिथून गेलं ती खरी रेघ. ते काम साहेब दुसऱ्याला देत होता. तिने मागून घेतलं.

काम झाल्यावर एका दुपारी ती नकाशा घेऊन माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. तिने तो काउंटरवर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर माझी भिंगं ठेवली. चांगल्या यंत्रावर छापलेला होता, सगळे रंग आलेले. काळी रेघ पूर्वेकडून आली होती, आपल्याला वाटलं होतं त्याच्या बरंच आधी वर वळली होती आणि सुंदर बाक घेऊन निघून गेली होती. त्या दोघांनाही, तिला आणि साहेबाला, आता बोट ठेवून सांगता येत होतं की ती कुठे वळली आणि का वळली.

"साहेब म्हणाले, रेघ थोडी बारीक करू या का," ती म्हणाली. "मी म्हटलं, सगळ्या वादळांची असते तेवढीच राहू दे." मग माझ्या खिशातल्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसल्या भिंगाकडे बोट करून म्हणाली, "बघ. तुला बारीक दिसतं. बेट दिसतंय का?"

मी भिंग डोळ्याला लावलं आणि वाकलो. शाईचा प्रत्येक कण दिसत होता. किनारे दिसत होते, उत्तरेकडच्या गावांची नावं दिसत होती. एकदा खोटं बोल ना, असं मीच तिच्यावर ओरडलो होतो, आणि ती बोललीही होती. आता माझी पाळी होती. एकच शब्द म्हणायचा होता.

मी रेघेवरून भिंग पुन्हा एकदा फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नाही," मी म्हणालो. "नाही दिसत."

तिने मान हलवली आणि कोपऱ्यांवरची भिंगं एकेक करून उचलून माझ्या हातात दिली.